रिकामा रकाना आणि आठ उकळलेले कोट

बुधवार, दुपारची सुट्टी
वाळवणखोली, ओल्या चादरींच्या मागे

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या भागूबाईचा अगदी जमिनीला डोकं टेकून नमस्कार. (खरंच टेकल्यासारखं आहे. इथे टेबल नाही, उलट्या बादलीवर कागद ठेवून लिहितेय, त्यामुळे डोकं आपोआप खालीच आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? मागे तू डावा दुखतो म्हणालीस आणि पट्टी उजव्याला बांधलेली होती, तेव्हापासून मला काळजी लागून राहिलीय. विणायचं मशीन नीट चालतंय ना? काकांचा खोकला? मांजरीला पिल्लं झाली का, आणि झाली असतील तर ती पुन्हा तुझ्या लोकरीच्या पेटीतच झाली का? इकडे आमचं सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण पत्राच्या सुरुवातीला असं लिहितात म्हणून लिहिलं. हे ट्रक घेऊन गेलेत, शुक्रवारी रात्री येतील. आमचं पोर, म्हणजे गाठोडं, साडेतीन वर्षांचं झालं. काल ते पाळणाघरातल्या कपाटावर चढलं, वरून मला हाक मारली, आणि मी खाली उभी राहून त्याच्यापेक्षा मोठ्याने रडले. ते कुणावर गेलंय मला कळत नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी रडते, आणि तुझे दोन्ही हात लोकरीत असतात म्हणून तू फोन मोठ्या आवाजावर ठेवतेस, मग माझं रडणं तुझ्या अख्ख्या गल्लीत जातं. मागच्या वेळी मध्येच तुझ्या शेजारणीने सल्ला दिला होता. सल्ला चांगला होता, पण मी घाबरून फोन ठेवला. आणि दुसरं असं की मी जे सांगणार आहे ते गल्लीने ऐकायचं नाही. कारखान्याने तर मुळीच नाही. मावशी, माझ्या हातून एक गोष्ट झालीय आणि परवा शुक्रवारी तिचा निकाल लागणार आहे. पण एकदम सांगितलं तर तू 'अगं बये' म्हणून पत्र खाली ठेवशील, म्हणून पहिल्यापासून सांगते.

तुला माहीतच आहे, मी धुलाई कारखान्यात घड्या घालते. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, उशांचे अभ्रे. सात वर्षं घड्याच घालतेय. झोपेत गाठोड्याच्या पांघरुणाची पण चारपदरी घडी घालते आणि ते बिचारं उघडं पडतं. तर पुढच्या महिन्यात घड्यांचं मशीन येतंय. या टोकाला चादर टाकायची, त्या टोकाला घडी बाहेर. मग घडीच्या टेबलावरच्या बायकांचं काय, असं कुणीच विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. माझी नोकरी गेली की कारखान्याचं पाळणाघर पण गेलं, आणि पाळणाघर गेलं की दुसरी नोकरी शोधायला गाठोडं कडेवर घेऊन फिरायचं. अशा बाईला दारातूनच 'नंतर या' म्हणतात. एकच जागा रिकामी होतेय, ती कॉम्प्युटरच्या टेबलाची. आमचे चिठ्ठीवाले काका निवृत्त होतायत. आमच्याकडे कपड्यांच्या प्रत्येक पिशवीला एक न भिजणारी छापील चिठ्ठी लागते, कुठला कपडा, पाणी किती गरम, कुठला साबण, पिळायचा की नाही, आणि ती चिठ्ठी कॉम्प्युटर छापतो. नवीन तऱ्हेचा कपडा आला की कॉम्प्युटरला तो शिकवावा लागतो. त्यासाठी मालकीणबाईंनी बाहेरून दोन शिकलेली माणसं आणून बघितली, दोघंही तीन-तीन महिन्यांत निघून गेली. मग त्या म्हणाल्या, आपल्यातलंच कुणीतरी तयार करू, निदान त्याला अभ्रा कुठला आणि ऍप्रन कुठला हे तरी सांगावं लागणार नाही. आणि बोट माझ्याकडे केलं. मावशी, सातवी शिकलेली मी! माझ्या मागे कुणी उभं आहे का ते मी वळून बघितलं. मागे भिंत होती.

शिकवणी कारखान्यातच, साबणाच्या कोठीत. पहिला भाग मी पास झाले, आणि खरं सांगते, तो काही अवघड नव्हता. हे असेल तर ते कर, नाहीतर दुसरं कर, संपेपर्यंत करत राहा, असलंच सगळं. म्हणजे घरकाम. मला वाटलं जमलं. मग दुसरा भाग सुरू झाला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्याचं नाव ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. नाव वहीत लिहितानाच माझी ओळ संपली, पुढचं शिकायला जागाच उरली नाही. आमच्या मास्तरीणबाई माझ्यापेक्षा लहान आहेत, तेवीस वर्षांच्या, पण मी त्यांना अहोजाहो करते आणि त्या आल्या की उभी राहते. त्या कधी रागावत नाहीत. कितीही चुकलं तरी 'छान प्रयत्न' म्हणतात. त्याचीच मला जास्त भीती वाटते. रागावलं की कळतं तरी आपण कुठे आहोत. तर त्या म्हणाल्या, डोकं फिरायला लागलं की जे शिकलात ते कॉम्प्युटरमधलं काहीच न कळणाऱ्या माणसाला समजावून सांगा, सांगता आलं तर समजायचं की कळलं. म्हणून मी तुझी निवड केली. (राग मानू नकोस.)

ऐक. क्लास म्हणजे साचा. तुझ्याकडे स्वेटरचे कागदी नमुने असतात ना, पत्र्याच्या डब्यात गुंडाळलेले, तसा. नमुना काही अंगात घालता येत नाही. त्यावरून जो खरा स्वेटर निघतो तो ऑब्जेक्ट. इथपर्यंत मी खुशीत होते. मग आलं इन्हेरिटन्स. एक आई-साचा, आणि त्याचे पोर-साचे. आईकडे जे आहे ते पोराला आपोआप मिळतं. हे पण कळलं, कारण मला आईकडून नाक मिळालं, सर्दी मिळाली आणि दार वाजलं की दचकणं मिळालं, त्यातलं काही मी मागितलं नव्हतं. पोराला आईची रीत नको असेल तर ते स्वतःची वेगळी लावू शकतं, त्याला ओव्हरराइड म्हणतात. (गाठोडं सकाळपासून तेच करत असतं.) मग पॉलिमॉर्फिझम. हा शब्द म्हणताना पहिले दोन दिवस माझी बोबडी वळायची. त्याचा अर्थ असा की हुकूम एकच, पण प्रत्येकजण तो आपापल्या तऱ्हेने पाळतो. 'चला जेवायला' म्हटलं की हे हात धुवायला जातात, सासूबाई 'मला भूक नाही' म्हणत ताट पुढे ओढतात, आणि गाठोडं पलंगाखाली शिरतं. मास्तरीणबाईंना मी हे सांगितलं तर त्यांनी ते फळ्यावरच लिहिलं. सासूबाई त्या दिवशी कारखान्यावरून जाणार होत्या, मी दुपारभर त्या फळ्यापुढे उभी राहिले. आणि शेवटी इंटरफेस. तो मला अजून कळलेला नाही. मास्तरीणबाई म्हणतात ते नुसतं वचन असतं, आत काम काही नसतं. मी विचारलं, यांनी नळ दुरुस्त करतो म्हणून सांगितलंय त्याला दीड वर्ष झालं, तो इंटरफेस का? त्या म्हणाल्या, जवळ आलात. जवळ म्हणजे किती जवळ, ते सांगितलं नाही.

आम्ही शिकायला दोघं होतो, मी आणि इस्त्रीवरचा लांब्या. इंटरफेसच्या दिवशी लांब्याने वही मिटली, इस्त्री चालू राहिलीय म्हणून उठला तो परत आलाच नाही. मला पण इस्त्री असती तर मी पण गेले असते. मावशी, राग कसा येतो सांगू? शिकवताना सगळं कळतं, मान हलते, आणि स्वतः करायला बसलं की डोक्यात नुसता साबणाचा फेस. कॉम्प्युटर सांगतो चुकलं, पण काय चुकलं ते अशा भाषेत सांगतो की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. तेव्हा मी इथे वाळवणखोलीत येते आणि ओल्या चादरीत तोंड खुपसून किंचाळते. ओली चादर आवाज खाते, बाहेर काही ऐकू जात नाही असं मला वाटायचं. पण खाली धुण्याच्या टाकीवर आमचे टाकीवाले आजोबा असतात, एकतीस वर्षं तिथेच आहेत. ते मला जिन्यात भेटले की विचारतात, काय गं, आज किती चादरी? मी म्हणते, तीन. ते म्हणतात, बरं आहे, काल पाच होत्या. एवढंच. पण त्या एवढ्याने मी परत कोठीत जाऊन बसते. आता पुढचं वाच म्हणजे कळेल मी आजोबांचं का सांगितलं.

एका नवीन हॉटेलचं काम आलं. त्यांचे दरवान दारात उभे राहतात ना, त्यांचे लांब गरम कोट, लाल, दोन रांगा पितळी बटणांच्या, असली जाड लोकर की तुला बघून बरं वाटलं असतं. मास्तरीणबाईंनी मला गृहपाठ दिला, 'दरवानाचा कोट' असा नवा पोर-साचा बनवा. आई-साचा चिठ्ठीवाल्या काकांनी कधीच बनवलेला, त्याचं नाव 'कपडा'. त्याच्यात सगळं भरलेलं, वजन, मालक, पिशवी नंबर, आणि एक ओळ 'धू'. त्या 'धू'च्या पुढे काहीच नाही. रिकामं. मी आपला कोटाचा साचा बनवला, नाव घातलं, वजन घातलं, बटणं किती ते पण घातलं (ते कुणी सांगितलं नव्हतं, मी स्वतःच्या डोक्याने घातलं), आणि चालू केलं तर लाल रेघ. चालूच होईना. गुरुवारी लाल रेघ. शुक्रवारी लाल रेघ. मला वाटलं बटणांवरून चिडलाय, बटणं काढली. लाल रेघ. नाव बदललं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पडदा ओल्या फडक्याने पुसला. लाल रेघ जास्त स्वच्छ दिसायला लागली. शनिवारी सात चादरी झाल्या. मास्तरीणबाई आता मंगळवारीच येणार होत्या, आणि त्यांना फोन करायची माझी हिंमत नव्हती, त्या 'छान प्रयत्न' म्हणाल्या असत्या.

आणि सोमवारी सकाळी माझी नजर त्या रिकाम्या जागेवर गेली. मावशी, आमच्या कारखान्यात रिकामा रकाना म्हणजे गुन्हा. कामाला लागल्याच्या पहिल्या दिवशी शिकवतात की चिठ्ठीवर रकाना रिकामा दिसला तर भरायचा, आणि माहीत नसेल तर 'उकळा' लिहायचं. निम्मा माल इस्पितळाचा, उकळलेल्या चादरीने कुणाचं काही बिघडत नाही, न उकळलेलीने बिघडतं. सात वर्षं ते माझ्या हाडात मुरलंय. मला वाटलं, काकांचं वय झालं, विसरले बिचारे. मी त्यांच्यावर उपकार करावे तसं आई-साच्यातल्या 'धू'च्या पुढे लिहून टाकलं, नव्वद अंशांवर उकळा. आणि लाल रेघ गेली! चार दिवसांची रेघ, एका सेकंदात गायब! पाच आठवड्यांत पहिल्यांदा कॉम्प्युटरने माझं ऐकलं होतं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मालकीणबाई आल्या, कोट आलेत, तुझं काम झालं का म्हणून विचारायला. काका दाढ काढायला गेलेले. मी छाती काढून म्हटलं, झालं. सरावाच्या कॉम्प्युटरवरून खऱ्यावर मीच घेतलं. चिठ्ठ्या मीच छापल्या, बघितल्या पण नाहीत, मी रेघ गेल्याच्या आनंदात होते. दोन पिशव्या, चार-चार कोट. आमच्याकडे पिशव्या बांधलेल्याच टाकीत जातात, इस्पितळाच्या मालामुळे उघडायची मनाई आहे. आजोबांनी चिठ्ठीवरचा आकडा वाचला आणि तेवढं पाणी तापवलं. त्यांनी एकतीस वर्षं तेच केलंय.

बाहेर काय आलं ते तुलाच सांगायचं जिवावर येतंय, तू लोकरीतली बाई. आठ कोट. पुठ्ठ्यासारखे. एकेक असा आक्रसलेला की उभा ठेवला तर आपल्या पायावर उभा राहतो. माझं धाबं दणाणलं. काल हॉटेलच्या कपडेबाई बघायला आल्या आणि बरोबर त्यांचा मोठा दरवान. मोठा म्हणजे मावशी, तो आमच्या दारातून वाकून आत आला, आणि त्याने दार धरून ठेवलं, सवयीने, आमच्या सगळ्यांसाठी. त्याने कोट घालून बघायचा हट्ट धरला. एक हात कोपरापर्यंत गेला, दुसरा घालायला गेला तर दोन्ही हात वर अडकले आणि तो तसाच, शरण आल्यासारखा, दहा मिनिटं उभा होता. चौघींनी मिळून ओढून काढला. सगळ्या जणी हसत होत्या. मग पाळणाघरातून सुटून गाठोडं आलं, त्याने जमिनीवर उभा असलेला एक कोट बघितला आणि सरळ आत शिरलं. पायघोळ झाला, पण बसला. दारात जाऊन उभं राहिलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करायला लागलं. तो दरवान खाली वाकून त्याला सलाम कसा करायचा ते नीट शिकवत होता. सगळा कारखाना पोट धरून हसत होता आणि मी टॉवेलांच्या ढिगामागे जीव मुठीत धरून बसले होते, कारण मालकीणबाई हसत नव्हत्या. त्या आजोबांना विचारत होत्या, तीस लिहिलं होतं ते तुम्ही नव्वद वाचलंत का? आणि मावशी, आजोबा म्हणाले, वाचलं असेल बाई, हल्ली आकडे नाचतात डोळ्यांपुढे. मालकीणबाई म्हणाल्या, मग आता टाकीवर दुसरं कुणीतरी बघायला हवं, शुक्रवारी ठरवू.

शुक्रवारीच माझी परीक्षा आहे. पास झाले तर टेबल माझं, पाळणाघर राहिलं. आणि त्याच दिवशी आजोबांना घरी पाठवणार, माझ्या 'नव्वद'साठी. चिठ्ठ्या धुऊन झाल्यावर कपड्याबरोबर वर येतात आणि घडीवालीने त्या खिळ्याला टोचायच्या असतात. त्या दोन मी टोचल्या नाहीत. माझ्या डाव्या बुटात आहेत. चालताना कुरकुर वाजतात. काल मालकीणबाई म्हणाल्या, तुझा बूट वाजतोय, तेल लाव. मी बरं म्हटलं. बोलले तर माझं टेबल जातं आणि गाठोड्याचं पाळणाघर. नाही बोलले तर आजोबा जातात. आणि आज सकाळी ते मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, काय गं, आज एक पण चादर नाही? किंचाळायला सुद्धा भीती वाटतेय. काल मास्तरीणबाई आल्या होत्या, त्यांच्यापुढे मी सर्दी झाल्याचं सांगून तोंड बांधून बसले.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. मोठ्यांना नमस्कार, मांजरीला कुरवाळणं. तू पत्र वाचून झालं की चुलीत घाल. चूल नसली तर शेजारणीला देऊ नकोस एवढं तरी कर.

तुझी,
भागूबाई

ता. क. (गुरुवार) पत्र टाकायचं राहिलं, म्हणून आणखी लिहिते. काल रात्री मला झोप नाही, आणि सकाळी मी ठरवलं की मालकीणबाईंना सांगून टाकायचं. खोलीत गेले. त-त-प-प करत सुरुवात केली आणि भीतीने मला साधे शब्दच सुचेनात, तोंडातून नुसता गृहपाठ बाहेर यायला लागला. मी म्हटलं, बाई, आई-साच्यात जी रीत रिकामी ठेवलेली असते ती मी भरली, त्यामुळे पोर-साच्याने स्वतःची रीत सांगितली नाही तरी त्याला कुणी अडवलं नाही, आणि त्याने आईची उचलली. माझ्या डोळ्यांतून पाणी. मालकीणबाईंनी उठून माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाल्या, वा! उद्या परीक्षेत अगदी असंच सांग. आणि लांब्याला बोलावून माझ्यासमोर त्याला बोलल्या, की बघ, ही सातवी शिकलेली बाई बघ. मावशी, कबुली दिली आणि शाबासकी मिळाली. मी बाहेर येऊन चार चादरी केल्या. चौथीच्या मध्येच एक गोष्ट लख्ख कळली आणि मी तोंड बाहेर काढलं. चिठ्ठीवाले काका विसरले नव्हते. ती जागा त्यांनी मुद्दाम रिकामी ठेवली होती. लाल रेघ मला छळत नव्हती, ती विचारत होती, बाई गं, हा कोट धुवायचा कसा ते आधी सांग, मग पुढे जा. चार दिवस ती माझी वाट अडवून उभी होती आणि मी तिला फडक्याने पुसत होते. आता कळून काय उपयोग, मला आणखीच भीती वाटायला लागली.

ता. क. २ (शुक्रवार) झालं. परीक्षेच्या आधीच झालं. मालकीणबाई, मास्तरीणबाई, काका (गालाला सूज), आणि दारात आजोबा, टोपी हातात घेऊन. ती टोपी बघितली आणि मला राहवेना. खाली बसले, डावा बूट काढला, मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवला आणि आतून चिठ्ठ्या काढल्या. मालकीणबाई आधी बुटाकडे बघत होत्या. मग त्यांनी चिठ्ठी उचलली, वाचली आणि आजोबांपुढे धरली. आजोबांनी लांबूनच वाचलं, नव्वद. मग भिंतीवरची आगीची सूचना वाचली, अगदी खालची बारीक ओळ सुद्धा. मग कॅलेंडर. ते इतके खूश झाले की माझ्यावर रागवायचं विसरले. एकदम आठवलं तेव्हा गरजले, अगं कार्टे, तीन दिवस मी डोळ्यांसाठी नुसती गाजरं खातोय! मी म्हटलं, आजोबा, मला मारा. ते म्हणाले, पोट भरलंय गाजरांनी, हात उचलत नाही.

मला वाटलं आता मला पण बूट घालून घरी जायला सांगतील. पण मास्तरीणबाई म्हणाल्या, आता परीक्षा तरी देऊ दे. पहिलाच प्रश्न होता, आई-साच्यातली रीत रिकामी का ठेवतात? मी लिहिलं, माझ्यासारखीला अडवायला. दुसरा प्रश्न इंटरफेसचा होता. तो मी रिकामा ठेवला. भरायला हात शिवशिवत होता, पण नाही भरला. मास्तरीणबाईंनी मालकीणबाईंना काहीतरी हळू सांगितलं. मालकीणबाईंनी माझा बूट टेबलावरून खाली ठेवला आणि म्हणाल्या, बाहेरून आणलेल्या त्या दोघांना कशाचीच भीती वाटायची नाही. तू बस तिथे. पण एकही चिठ्ठी आजोबांनी बघितल्याशिवाय टाकीत जाणार नाही. आजोबा आता रोज दुपारी माझ्या शेजारी स्टुलावर बसणार आणि एकेक कपडा कसा धुवायचा ते सांगणार, एकसष्ट तऱ्हा आहेत. सोमवारपासून. मला टेबल मिळालं म्हणून मी घाबरलेय. आधी घालवायला काही नव्हतं तेव्हा बरं होतं.

ता. क. ३ (शनिवार सकाळ) आता ज्यासाठी हे पत्र पाठवतेय ते. मावशी, आक्रसलेली लोकर परत ओढून मापात आणता येते ना? तू मागे एकदा आपल्या काकांचा स्वेटर वाफेवर धरून दोन दिवस खुर्चीला ताणून बांधला होतास, काका तेव्हा खुर्ची मागत फिरत होते. हॉटेलने पंधरा दिवस दिलेत. मालकीणबाईंनी विचारलं, लोकरीतलं कळणारं कुणी आहे का ओळखीचं? माझ्या तोंडून निघून गेलं. यांचा ट्रक आज तुझ्याच गावावरून जातोय, म्हणून आठ कोट पोत्यात घालून मागे ठेवलेत. तुला विचारायला वेळ नव्हता, आणि विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणखी एक. ताणायचं म्हणजे मापाला माणूस लागणार, आणि अंगात कोट नाही तोवर त्या मोठ्या दरवानाला हॉटेलच्या दारात उभं राहू देत नाहीत, तो रिकामाच होता. हे पत्र तुझ्या हातात ज्याने दिलं तोच तो. अजून तुझ्या दारातच उभा असेल, दार धरून. त्याला आत घे, वाकायला सांग. दिसतो तेवढा भयंकर नाहीये गं. घाबरू नकोस.